पहिल्या फेरीतला गडी

अहमदाबाद विमानतळाला जाणारी जीप बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या जिन्यासमोर उभी होती आणि अवीदादा टपावर चढून माझ्या बॅगा बांधत होता. माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याने गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली, पुन्हा मारली. मी खाली उभा राहून "बस झालं रे, चंद्रावर नाही जात" असं म्हणत होतो. आई दह्याची वाटी घेऊन दाराशी आली होती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पांढऱ्या पँटमध्ये आणि गळ्यात शिट्टी. संध्याकाळची खो-खोची प्रॅक्टिस त्यांनी माझ्यासाठीही रद्द केली नव्हती. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "एकदा दिशा घेतली की वळायचं नाही. फाउल होतो." मग घड्याळ बघून ते चालू लागले.

अण्णा मराठी शाळेत पी.टी. शिकवायचे आणि संध्याकाळी व्यायामशाळेत खो-खोचा संघ तयार करायचे. स्पर्धेच्या आधी मुलांना ओळीत उभं करून ते खिशातला कागद काढत आणि बारा नावं वाचत. नाव आलं त्याने पुढे यायचं, नाही आलं त्याने मैदानावर पाणी मारायचं. कारण विचारायची पद्धत नव्हती. घरातही हेच. अमेरिकेतल्या विद्यापीठांची पत्रं आम्हा दोघा भावांना एकाच आठवड्यात आली. आईला दम्याचा त्रास होता, दोघंही गेलो असतो तर घरी कोण? रविवारी जेवण झाल्यावर अण्णांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि सांगितलं, "शिरीष जाईल." कागद तेवढा नव्हता. अवीदादा उठला आणि ताटं उचलायला लागला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या दांडिया बाजाराला या निर्णयावर मत होतं. समोरचे देशपांडे काका म्हणाले, चूक केली, थोरला जास्त हुशार आहे. फरसाणवाल्या जयंतीभाईंचं म्हणणं, "नानो जाय ए सारुं. मोटो घर संभाळशे," म्हणजे धाकटा गेलेला बरा, थोरला घर सांभाळेल. कुणी म्हणालं शेंडेफळाचे लाड, कुणी म्हणालं धाकटा तिकडेच गोरी करणार. मी तर अजून विमानातही बसलो नव्हतो. तरी मला आतून गुदगुल्या होत होत्या. दोघांतून मला निवडलं होतं. खोटं कशाला सांगू, ही गोष्ट मी तीस वर्षं खिशात घालून फिरलो. बर्फात गाडी रुतली, नोकरी गेली, तेरा दिवसांच्या रजेवर येऊन आईचं सगळं करून परत गेलो, तेव्हाही मी स्वतःला हेच सांगितलं की अण्णांनी आपलं नाव वाचलं होतं.

आता राहतो ते शहर एका मोठ्या तळ्याच्या काठी आहे. थंड, थोडं उदास, आणि फुटबॉलच्या वेडाने पछाडलेलं. इथला फुटबॉल म्हणजे तो अंडाकृती चेंडूचा, ज्यात पायाला काम फारसं नसतं. आमची टीम दरवर्षी हरते. मी आलो त्या वर्षी शेजारच्या गॅरीने, तो तेव्हा शहराची बस चालवायचा, मला गॅरेजमध्ये बोलावून हातात टोपी दिली आणि म्हणाला, "इथे राहायचं तर दुःख वाटून घ्यावं लागेल." बडोद्यात असं तोंडावर सांगणारा माणूस मला भेटला नव्हता. मी टोपी घातली ती घातलीच.

या फुटबॉलमध्ये एप्रिलात एक सोहळा असतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. पहिल्या वर्षी अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "कुठल्या बँकेवर?" तसं नाही. कॉलेजातून निघणारे उत्तम खेळाडू एका बाजूला आणि सगळ्या टीम दुसऱ्या बाजूला. सगळ्यात जास्त हरलेल्या टीमने पहिल्यांदा निवडायचं. अशा सात फेऱ्या. मुलाने कुठे जायचं ते मुलगा ठरवत नाही. नाव वाचलं की त्या टीमची टोपी घालायची आणि त्या गावी जायचं. ज्यांची नावं येत नाहीत ती मुलंही घरच्यांबरोबर सोफ्यावर फोन हातात धरून बसलेली असतात, आणि कॅमेरा त्यांच्या तोंडावरून हलत नाही. मी तेवढ्यात उठून चहा करायला जातो. बायको म्हणते, तुला दरवर्षी याच वेळी कसा चहा लागतो?

यंदाच्या ड्राफ्टच्या शनिवारी सकाळी अवीदादाचा फोन आला. तो, वहिनी आणि अण्णा आता बडोद्यातच मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहतात. अण्णा न्हाणीघरात पडल्यापासून वॉकर घेऊन चालतात, प्रवास त्यांना जमत नाही. दादाची मुलगी मुक्ता बंगळुरूला असते, तिचं पहिलं बाळंतपण आलं होतं. "ती म्हणते आई-बाबा दोघंही या," दादा म्हणाला. "तीन महिने तू येशील का अण्णांजवळ?" आणि मी काही बोलायच्या आत त्यानेच पुढे जोडलं, "नाही जमलं तर वांधा नाही."

बाकीच्या मराठीत वांधा म्हणजे घोळ, अडचण. आमच्या बडोद्याच्या मराठीत "वांधा नाही" म्हणजे हरकत नाही. आमची माणसं ते नेमकं तेव्हाच म्हणतात जेव्हा पुष्कळ हरकत असते. हे मला न कळायला मी काही परका नव्हतो. तरी मी म्हणालो, "बघतो. ऑफिसला विचारावं लागेल." माझं ऑफिस लोकांना महिनोन्महिने कुठूनही काम करू देतं. वर मी विनोदही केला, "अण्णांनीच सांगितलंय ना, एकदा दिशा घेतली की वळायचं नाही."

"नियम अर्धाच पाठ केलास," दादा म्हणाला. "खांबापर्यंत पोचलं की वळता येतं." आणि त्याने फोन ठेवला.

दुपारी गॅरीच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे रणधुमाळी चालली होती. आमच्या टीमने पहिल्या फेरीत एक धिप्पाड मुलगा घेतला होता. त्याचं काम चेंडू घेऊन पळणं नाही. त्याने जागेवर उभं राहून समोरच्यांना अडवायचं, म्हणजे मागचा वाचतो. टीव्हीवरच्या तज्ज्ञांनी या निवडीला डी प्लस दिला होता, म्हणजे काठावर पास. गॅरी लालबुंद झाला होता. "पळणारा पोरगा समोर होता. सगळ्या देशाला दिसत होता. आणि यांनी खांब विकत घेतला!" माझ्या ऑफिसातली डेनिस गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यातून तेवढ्याच जोरात म्हणाली, "त्या खांबाचं नाव कुणाला आठवणार नाही, पण तो दहा वर्षं इथे उभा राहील. तुझा पळणारा तीन वर्षांत दुसऱ्या गावी पळेल."

गॅरीकडे एक वही आहे. दरवर्षी तो त्यात तज्ज्ञांची ग्रेड लिहितो, शेजारी स्वतःची, आणि तीन वर्षांनी उघडून बघतो कोण खरं ठरलं. बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात. त्याने मला विचारलं, "तू काय देतोस?" एरवी मी तावातावाने भांडतो. त्या दिवशी नाही. डोक्यात दादाचं "पोचलं की वळता येतं" घोळत होतं. मी म्हणालो, "अजून खेळला कुठे आहे तो?" दोघंही माझ्यावर उखडले. ड्राफ्टच्या दिवशी असं शहाणपण चालत नाही.

रविवारी सकाळी अण्णांना फोन केला, तिकडे संध्याकाळ. त्यांना ऐकू कमी येतं, पण खेळाचं सगळं समजतं.

"घेतला का गडी?" त्यांनी विचारलं.

"घेतला. पण तज्ज्ञांनी काठावर पास केलंय. म्हणतात पळणारा घ्यायला हवा होता, यांनी उभा राहणारा घेतला."

"बराबर केलं यांनी," अण्णा म्हणाले. "पळणारे पुष्कळ मिळतात. मीही तेच केलं ना. चांगला गडी कोणी दुसऱ्याच्या संघाला देतं का?"

मला वाटलं ते खो-खोबद्दल बोलतायत. विचारलं, "कुठल्या स्पर्धेला?"

"स्पर्धा कसली. तुमच्या वेळी. अवीला ठेवला, तुला पाठवला. तू पळणारा. आईचं आजारपण, रात्रंदिवसाचं, तुझ्याच्याने झालं नसतं." त्यांचा आवाज जराही वर-खाली झाला नाही. मैदानावर ते असंच सांगायचे, तुझा डावा पाय मंद आहे, तुझी नजर लांब जात नाही. त्यात राग नसायचा आणि कीवही नसायची. मग त्यांनी विचारलं, "तिकडे थंडी गेली का?"

थंडी गेली की नाही हे मी काय सांगितलं, आठवत नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. मला रडू आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, घरात बायको-मुलगा, आणि मी लहान पोरासारखा रुसलो होतो. तीस वर्षं ज्याला मी पहिला नंबर समजत होतो, तो सुटलेला नंबर होता. अण्णांनी आपल्या संघासाठी गडी निवडला, आणि उरलेल्याला सांगितलं, जा, बाहेर कुठे खेळायला मिळतं का बघ. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्यांचं म्हणणं खरं होतं. आईच्या शेवटच्या वर्षी मी दर रविवारी फोन करत होतो आणि दादा तिला रात्री उठवून बसवत होता. मी दमून जायचो ते फोनने.

दुपारपर्यंत माझ्या मनात दुसरीच गोष्ट आली. दादाला हे ठाऊक नाही. त्याला वाटतं तो मागे उरलेला. ताटं उचलणारा. हे त्याला सांगितलं तर त्याचं ओझं हलकं होईल, असं मला वाटलं. आणि स्वतःच्या मोठेपणाचं थोडं कौतुकही वाटलं, ते लपवत नाही.

मी त्याला फोन केला. ड्राफ्ट समजावला, फेऱ्या समजावल्या, अण्णांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "तू पहिल्या फेरीतला होतास दादा. मी तर यादीतसुद्धा नव्हतो."

त्याच्या मागे वहिनींचा कुकर वाजला. मग तो म्हणाला, "मला विचारलं होतं कुणी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पहिला म्हण, शेवटचा म्हण, मला काय फरक पडतो? त्या दिवशी जेवताना कुणी विचारलं का, अवी, तुला काय करायचंय? अण्णांनी नाही विचारलं. तू पण नाही विचारलंस, शिऱ्या. तू बॅग भरायला लागलास."

आवाज त्याने चढवला नव्हता. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी विचारलं, तीस वर्षं उशिरा, "मग आता सांग. तुला काय पाहिजे?"

"मुक्ताकडे जायचंय," तो म्हणाला. "तीन महिने मला कुणाचा गडी व्हायचं नाही."

त्याच आठवड्यात मी तिकीट काढलं. डेनिसने ऑफिसात सगळं लावून दिलं, गॅरीने विमानतळावर सोडलं. गॅरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याने ते सरळ नव्या खांबाच्या नावावर घातलं. डी प्लस, अजूनही डी प्लस, असं तो गाडी वळवतानाही ओरडत होता.

तर हे मी मांजलपूरहून लिहितोय, पाचव्या आठवड्यात. खाली सोसायटीत सकाळी स्कूटरी सुरू होतात. भाजीवाली मला "भाई, क्यां थी आव्या?" असं विचारते आणि मी बडोद्याचाच आहे हे तिला पटत नाही. जे माझ्यासारखे गेले त्यांना ठाऊक असेल, तिकडे आपण इकडचे असतो आणि इकडे आपल्याला गोळ्यांचा डबासुद्धा सापडत नाही. दिवसातून चारदा दादाला बंगळुरूला फोन करतो. पांढरी गोळी आधी की पिवळी? अण्णा चहात साखर किती म्हणतात आणि खरी किती द्यायची? तो नातीला मांडीवर घेऊन सगळं सांगतो. जे राहिले त्यांना एवढंच म्हणतो, तुम्हाला शाबासकी द्यायला मी आलेलो नाही. शाबासकी हीसुद्धा एक ग्रेडच, आणि ती तुम्ही कुणी मागितलेली नाही. तुम्हाला काय हवंय ते विचारायला हवं होतं. माझ्यापुरतं घर आता ते आहे, जिथे माझ्या वाट्याचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं आणि मी त्याच्याकडून ते उशिरा शिकतोय.

अण्णा रोज सकाळी विचारतात, "अवी कधी येणार?" पहिल्या आठवड्यात ते मला टोचायचं. आता मी तारीख सांगतो. काल मी त्यांच्या पायाची नखं कापत होतो. नखं जाड झालीत, कातर सरकते. अंगठ्याचं नख जरा खोल गेलं आणि त्यांनी श्वास आत ओढला. "अवीला विचार कसं कापतात," ते म्हणाले.

"अण्णा, मी बदली गडी आहे," मी म्हणालो. "तीन महिने सांभाळून घ्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, शाळेत पाहायचे तसं, वरपासून खालपर्यंत. मग दुसरा पाय पुढे केला.

"चालशे," ते म्हणाले.