पार्सेच्या बालवाडीतले राक्षस

आमच्या बालवाडीच्या बाईंना गालगुंड झालं, आणि पोरांना शिकवायला अख्ख्या पार्से गावात माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता.

बाई इब्रामपूरच्या. रोज बसने यायच्या. गाल असा सुजला की कंडक्टरनेही ओळख दिली नाही म्हणे. निरोप आला, बरं वाटेपर्यंत येता येणार नाही. आता बालवाडी भरायची ती माझ्या काजूच्या खोपीत. बाकडी माझी, कळशीतलं पाणी माझ्या विहिरीचं. म्हटलं, शिकवणारा तेवढा बाहेरचा कशाला?

"तुमी शिकवतलात?" बायकोने विचारलं. "तुमी खंयच्या यत्तेपर्यंत गेल्लात?"

"दुसरी."

"पास?"

अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही. (परीक्षेच्या दिवशी आमची म्हैस हरवली होती. पोर्तुगीज अमदानी ती. देवळाच्या मंडपात शाळा भरायची. परीक्षा पुढच्या वर्षीही असते. म्हैस असेलच असं नाही.)

पण गोष्ट साधी नव्हती. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. मराठी की कोकणी या वादात भाऊ भावाशी बोलेनासे झाले होते, आणि आपण कोणत्या भाषेत बोलत नाही यावरही त्यांचं एकमत नव्हतं. मी मराठीवाला. पणजीच्या एका संस्थेने खेड्यापाड्यांत मराठी बालवाड्या वाढवायचं काढलं, तेव्हा खोप देतो म्हणून पहिला हात मी वर केला. खरं कारण मात्र घरातलं होतं. माझा मुलगा दिगू म्हापशात नोकरीला. त्याने तिथे खोली बघून ठेवली होती. त्याची मुलगी वैशू चार वर्षांची. तिला इंग्लिश शाळेत घालायचं आणि जूनमध्ये बायकोमुलीसह तिकडेच राहायला जायचं, असा त्याचा बेत.

"बाबा, हंय काय आसा तिच्यासाठी?"

"बालवाडी आहे की."

"ती टिकतली?"

शेवटी ठरलं ते असं. संस्थेच्या मॅडम बालवाडी बघायला येणार होत्या. त्यांनी ती चालू ठेवली तर वैशू घरी राहील. बंद केली तर म्हापसा. म्हणजे गाल बाईंचे सुजले होते, पण ठणका मला लागला होता.

पहिल्याच दिवशी मी नियम केला. "इथे घरचं बोलणं चालणार नाही. शुद्ध मराठी बोलायची."

पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आमच्या घरांत बोलतात ते अर्धं मालवणी, अर्धं कोकणी, आणि भांडण असलं तर दोन्ही पूर्ण. शुद्ध मराठी आम्हांला भेटते ती आरतीत, नाहीतर जत्रेतल्या दशावतारी नाटकात. आणि दशावतारात तर मी तरुणपणी किती वर्षं कामं केलेली! भाषणं तोंडपाठ. एकच अडचण होती, आणि तेव्हा ती मला अडचण वाटली नाही. माझा आवाज असा की कंपनीने मला कधी राजा केला नाही. देव तर नाहीच. मी कायम राक्षस.

तेव्हा पोरांना मी जी मराठी शिकवली ती शुद्ध होती, पण सगळी राक्षसाची होती.

दोनतीन दिवसांतच गुण दिसला. वैशू जेवायला बसली, ताटलीवर मूठ आपटली आणि आजीला म्हणाली, "हे दासी, भोजन सत्वर आण! अन्यथा हे नगर भस्म करीन."

बायको पेज ढवळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "नगर मागीर भस्म कर. आदी हात धुव."

सून पदर तोंडात धरून आत गेली. दिगू म्हणाला, "बाबा, म्हापशात असला शिकवणत नाय."

"म्हणूनच सांगतो," मी म्हटलं, "हिला इथेच ठेव."

पुढच्या आठवड्यात रुजार पोदेर तक्रार घेऊन दारात. रुजार सकाळी सायकलवरून पाव विकायचा, कोंबडा आरवायच्या आधी त्याचा भोंपू.

"बाबलभाऊ, तुमचीं भुरगीं म्हाका वाटेर आडायतात."

"आणि काय म्हणतात?"

"तें म्हाका कळना. पूण हातांत दांडे आसात."

जाऊन बघतो तर खरंच. काजूच्या फांद्या घेऊन आमची बालवाडी रस्त्यावर आडवी. "थांब, पामरा! आमच्या राज्याची सीमा ओलांडण्याचे धाडस तुला झाले कसे?" बिचारा रुजार रोज एक उंडा पाव खंडणी देऊन सुटत होता. मी ओरडायला हवं होतं. पण ती फेक, ती मान, ते डोळे! आमच्या कंपनीतसुद्धा एवढी तयारीची माणसं नव्हती. रुजारला म्हटलं, दोन दिवस दुसऱ्या वाटेने जा.

बाईंचे गाल उतरायच्या आधीच मॅडम आल्या. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. दिगू मुद्दाम रजा काढून खोपीच्या दारात उभा. मॅडम पहिल्या बाकाजवळ वाकल्या. तिथे आमच्या शेजाऱ्याचा गुटगुटीत मुलगा बसला होता.

"बाळा, तुझं नाव काय?"

तो उठला. एक पाऊल मागे गेला, पाय फाकवून उभा राहिला, आणि पुढेमागे जिथे मिशी येणार होती तिथे त्याने बोट फिरवलं. "माझे नाव? माझे नाव ऐकताच तिन्ही लोक चळचळा कापतात!"

त्यावर सगळी बालवाडी हसली. साधं नाही, मी शिकवलेलं. पोटातून, टप्प्याटप्प्याने, शेवटी मान मागे टाकून. कौलावरचं मांजर उडी मारून पळालं. सगळ्यात धाकटी पोर आपल्याच हसण्याला घाबरून रडायला लागली.

"हे कोणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं.

सगळी बोटं माझ्याकडे.

"मीच," मी म्हटलं. "शुद्ध आहे ना?"

"शुद्ध आहे," मॅडम म्हणाल्या. "फारच शुद्ध आहे."

दिगूने मनातल्या मनात सामान टेम्पोत चढवायला घेतलं होतं. मला दिसत होतं ते.

तेवढ्यात वैशूने माझं धोतर ओढलं. "आजो..."

"शुद्ध बोल," मी हळूच दटावलं.

ती एका पायावर उभी राहिली. मग दुसऱ्या. "आजो, माका..."

"शुद्ध!"

पोर विचारात पडली. मी शिकवलेलं सगळं तिने आठवून बघितलं असणार. पण राक्षस नगर जाळतो, राजकन्या पळवतो, स्वर्गावर चाल करून जातो. एवढ्या जत्रांत मी राक्षस झालो, पण मध्येच बाहेर जाऊन यायची गरज एकाही राक्षसाला पडलेली मला आठवत नाही. वैशूने छाती पुढे काढली. "हे पामरा..." तिने सुरुवात केली, आणि बाकीचं जमिनीवर झालं. ओघळ थेट मॅडमच्या चपलांपर्यंत गेला.

मग वैशूने गळा काढला. "माका कवापासून जावचा होता! आजो बोलाक देय नाय!"



मॅडमनी पिशवी बाजूला ठेवली आणि खाली बसल्या. "रडां नको गो बाय. चल, आपण पाय धुवया. तुजी आवय खंय आसा?"

मी बघतच राहिलो. हे तर आमच्या घरातलं बोलणं! मॅडम डिचोलीकडच्या, सर्वणच्या निघाल्या. वैशूचे पाय धुवून परत येईपर्यंत पोरांनी त्यांना घेरलं. "बाय, ह्येणां माका मारल्यान!" "बाय, आमच्या गायीक पाडो जालो!" "माका उंडो व्हयो!" इतके दिवस गप्प बसवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मॅडम प्रत्येकाचं ऐकत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, "गायीला वासरू झालं? मग मला सांग बघू, आमच्या गायीला वासरू झालं." आणि पोर तसं सांगत होतं. राक्षसाचा मागमूस नाही.

"आजोबा," त्या मला म्हणाल्या, "आधी मुलांना घरच्या बोलीत बोलू द्या. तिचं बोट धरून मराठी येईल."

"घरची बोली ती घरी बोलतातच की." (मी हरलो असेन, पण माघार घेतली नव्हती.)

"मग लघवीलाही घरीच जायचं का?"

दिगू फस्सकन हसला. ते हसू ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

"बालवाडी चालू ठेवू," मॅडम म्हणाल्या. "मुलं बोलकी आहेत, धीट आहेत. एक अट मात्र आहे." आणि ती अट त्यांनी मला नाही, दिगूला बाजूला घेऊन सांगितली, डॉक्टर रोग्याच्या माणसांना सांगतात तशी.

दिगूने म्हापशाची खोली सोडली. वैशू घरी राहिली. बाई गाल उतरवून परत आल्या. बालवाडी भरलेली असताना मी खोपीच्या आत पाऊल टाकायचं नाही, ही अट. मी शब्दाचा पक्का. मी बाहेर दगडावर बसायला लागलो. बायको रोज विचारायची, "हंय बसून तुमचा काय उपेग?"

बाईंना विचार म्हटलं. बाई स्वतः सांगायच्या, पूर्वी पोरं घटकेघटकेला बाहेर पळायची, आता एकसुद्धा जागचं उठत नाही. बाहेर आजो बसला आहे, आणि त्याला शिकवायची हौस आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.