संशयाला कोड नसतो

"उजव्या डोळ्याचं आता काही करता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डावा वाचवायचाय. आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा."

शुक्रवारची सकाळ होती. माझे वडील तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते. आम्ही त्यांना पप्पा म्हणतो. बहात्तर वर्षांचे, निवृत्त. जमीन मोजणीच्या खात्यात आयुष्यभर नकाशे काढले. त्यांनी विचारलं, "म्हणजे चष्म्यानं नाही भागणार?"

"नाही काका," डॉक्टर म्हणाल्या, आणि दिवा बाजूला केला.

आजाराचं नाव जायंट सेल आर्टेरायटिस. कानशिलापाशी ज्या रक्तवाहिन्या वर जातात त्यांना सूज येते. ही सूज डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचली की रक्त बंद होतं आणि नस मरते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. माणूस झोपून उठतो आणि दिसत नाही. पप्पा त्या दिवशी दाढी करायला आरशासमोर उभे राहिले आणि आईला म्हणाले, "अगं, अर्धीच लाइट गेलीय का?"

हे नाव मला नवीन नव्हतं. तेच तर सांगायचंय.

मी मेडिकल कोडर आहे. येरवड्यात राहते, खराडीला ऑफिस. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद आमच्या कॉम्प्युटरवर येतात. डॉक्टरनं काय तपासलं, काय सापडलं ते त्यात असतं. ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा, म्हणजे तिकडच्या इन्शुरन्सचं काम पुढे सरकतं. अकरा वर्षं हेच करतेय, त्यातली सात डोळ्यांच्या टीममध्ये. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहानं खराब झालेला पडदा. दिवसभर डोळेच डोळे, आणि एकही डोळा मी कधी समोर बघितलेला नाही.

पण सोसायटीत मी 'मेडिकलवाली'. कुणाचा रिपोर्ट आला की जिन्यात गाठून विचारणार, "सुजाता, बघ गं जरा." आणि मी बघायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आमच्या कामात एक नियम पहिल्याच आठवड्यात डोक्यात भरवतात. डॉक्टरनं 'रूल आउट अमुक आजार' असं लिहिलं असेल, म्हणजे हा आजार असू शकतो, आधी तो नाही ना याची खात्री करून घ्या, तर ओपीडीच्या कागदावर त्या आजाराचा कोड द्यायचा नाही. संशयाला कोड नसतो. पेशंटला जे होतंय तेवढंच धरायचं. डोकं दुखतंय तर डोकेदुखी. नसलेला आजार कुणाच्या नावावर चिकटू नये म्हणून हा नियम, आणि चांगला नियम आहे. ट्रेनिंगमध्ये नव्या पोरींना मीच तो शिकवते.

पप्पांचं डोकं पंधरा दिवस दुखत होतं. उजव्या कानशिलाला कंगवा लागला तरी कळवळायचे. भाकरी चावताना जबडा भरून यायचा, मध्येच थांबायचे. आई म्हणायची, "दातांचं बघा एकदा." त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. मंगळवारी संध्याकाळी ते एकटेच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले.

बुधवारी सकाळी ऑफिसची गाडी खाली उभी होती, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी पायात सँडल अडकवत असताना पप्पांनी चिठ्ठी पुढे केली. "हे बघ जरा. रक्त तपासायला सांगितलंय. आजच करा म्हणाले."

चिठ्ठीवर चार ओळी होत्या. डोकेदुखी. कानशिलाला हात लावला की दुखतं. रूल आउट जीसीए, म्हणजे हाच आजार, आद्याक्षरांत. आणि खाली, रक्ताची ईएसआर तपासणी तातडीनं, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणे. ईएसआर म्हणजे अंगात कुठे सूज आहे का ते सांगणारी साधी चाचणी. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होते, तासाभरात रिपोर्ट.

मी चारही ओळी वाचल्या. आणि माझ्या डोक्यानं रोज करतं तेच केलं. 'रूल आउट' दिसलं, ती ओळ सोडून दिली. उरली डोकेदुखी.

"काही नाही हो पप्पा, डोकेदुखी आहे. शनिवारी मला सुट्टी आहे, तेव्हा जाऊ. तोवर गोळी घ्या."

"आजच म्हणाले होते."

"सगळे डॉक्टर आजच म्हणतात."

त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. त्यांना एकट्याला लॅबपर्यंत जाता आलं असतं, पाच मिनिटांचं अंतर. पण मेडिकलवाल्या मुलीनं शनिवार सांगितला होता ना! ते शनिवारची वाट बघत राहिले. शुक्रवार आधी आला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली तेव्हा मी समोरच उभी होती. त्यांनी तारीख बघितली, मग माझ्याकडे. "यात स्पष्ट लिहिलंय की. तीन दिवस काय करत होता? आपण मेडिकलमध्येच आहात म्हणे."

मी तोंड उघडायच्या आत पप्पाच बोलले. "तिला काही म्हणू नका डॉक्टर. तिनं नीट बघितलीच नव्हती चिठ्ठी. खाली गाडी आली होती तिची."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, रोज एक मोठा डोस. हे औषध सूज उतरवतं. गेलेलं परत आणत नाही, जाणारं थांबवतं. दुसऱ्या डोळ्याला धोका असतो तो याच दिवसांत. रोज सकाळी एक ज्युनिअर डॉक्टर येऊन डाव्या डोळ्यासमोर बोटं धरायचे. "किती काका?" "तीन." "आता?" "एक." उजव्या डोळ्यासमोर हात हलवला तर पप्पा विचारायचे, "सुरू केलंत का?"

या दिवसांत मला एका गोष्टीनं फार छळलं. डोळ्यांच्या बऱ्याच कोडमध्ये शेवटी कुठला डोळा त्याचा आकडा असतो. उजव्याला एक, डाव्याला दोन, दोन्ही गेले की तीन. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले की मला तो तीनच दिसायचा. मी देवाधर्मातली नाही. पण त्या बाकावर मी कुणाकडे तरी मागत होते की तीन नको, एकवरच थांबव.

शनिवारी दुपारी पप्पा म्हणाले, "सुजा, डावीकडेही धुरकट होतंय गं." मी नर्सच्या टेबलापर्यंत धावले ती चपलेशिवाय. डॉक्टर आले, तपासलं. वीस मिनिटांनी पप्पांना भिंतीवरचं घड्याळ परत स्पष्ट दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "असं होऊ शकतं. स्टेरॉइड चालू होतं म्हणून निभावलं." तोच शनिवार, ज्याचा मी त्यांना वायदा केला होता.

पुढच्या आठवड्यात कानशिलातली वाहिनी थोडी काढून तपासली. त्याला बायोप्सी म्हणतात. आजार तोच निघाला. आता तो संशय नव्हता; आता त्याला कोड देता आला असता.

डावा डोळा वाचला. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र वर्षभर तरी घ्यायच्या, हळूहळू कमी करत. मध्येच आपल्या मनानं बंद केल्या तर आजार उलटतो, हे लक्षात ठेवा. या गोळ्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, माणूस चिडचिडा होतो. आधीच आमचे पप्पा तिखट! आई म्हणाली, "तोंड किती गोल झालंय बघा तुमचं." ते म्हणाले, "मला अर्धंच दिसतं, तू बघ."

एकच डोळा राहिला की जवळ-लांबचा अंदाज जातो. हे मला कोडच्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. चहा कपाच्या बाहेर ओतला जातो. जिन्याची शेवटची पायरी आहे की संपली, कळत नाही. ज्या माणसानं रेघ कधी वाकडी काढली नाही, त्याला सुईत दोरा ओवता येईना. पहिल्यांदा चहा सांडला तेव्हा त्यांनी स्वतःच फडकं आणलं आणि कुणाला पुसू दिलं नाही. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडले.

मी कामावर परत गेले. तिसऱ्याच आठवड्यात एक कागद समोर आला. कुठल्याशा गावातली म्हातारी बाई, डोकेदुखी, रूल आउट तोच आजार. मी कोड दिला, डोकेदुखीचा. बरोबर दिला. नियम कामाचा होता आणि कामावर तो खराच आहे. मी तो उचलून घरी आणला, तिथे माझी अक्कल शेण खायला गेली होती. पण त्या बाईला कुणी त्याच दिवशी लॅबमध्ये नेलं असेल का, या विचारानं मला पुढचा कागद उघडवेना.

चार महिन्यांनी तपासणीला गेलो होतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पप्पा डोळे मिटून बाकावर बसले होते. शेजारच्या बाईंना सांगत होते, "माझी मुलगी मेडिकलमध्येच आहे. तिनं धावपळ केली म्हणून हा एक तरी राहिला."

त्या बाईंचा नंबर आला, त्या आत गेल्या. मला ते ऐकवलं नव्हतं.

"पप्पा, ती चिठ्ठी मी पूर्ण वाचली होती."

"कुठली?"

"पहिली. बुधवारची. घाईत बघायची राहिली असं नाही. त्या आजाराचा कोडसुद्धा मला पाठ आहे."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मग?"

"त्यांनी नुसता संशय लिहिला होता. आमच्याकडे संशय धरत नाहीत."

पप्पा म्हणाले, "चार महिने मी त्या गाडीवाल्याला शिव्या घालतोय."

नर्सनं नाव पुकारलं. मी हात पुढे केला. त्यांनी तो न धरता भिंत चाचपली, उजवीकडच्या खुर्चीवर गुडघा आपटला, आणि एकटेच आत गेले.

तुमच्या घरात कुणी वय झालेलं असेल, नवीनच डोकं दुखत असेल, केसांतून कंगवा फिरवताना किंवा चावताना दुखत असेल, क्षणभर डोळ्यापुढे पडदा येऊन जात असेल, तर त्याच दिवशी दाखवा. रक्त तपासा म्हणाले तर त्याच दिवशी तपासा. डॉक्टरनं संशय लिहिलाय म्हणजे त्यांना घाई आहे. आमच्या डॉक्टरांनी एका ओळीत सगळं ओळखलं होतं. त्यांचे आणि वॉर्डातल्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत, जन्मभर.

पप्पा माझ्याशी बोलतात. जेवण झालं का विचारतात, ऑफिसची गाडी वेळेवर आली का विचारतात. मला रागावलेही नाहीत कधी. पण दवाखान्यात आता ते आईला घेऊन जातात. आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती टेबलाशी उभी राहते आणि विचारते, "साहेब, तुम्हाला भीती कशाची वाटतेय ते सांगा," आणि ऐकून घेते, आणि परतताना तिथूनच त्यांना लॅबमध्ये नेते. घरी आल्यावर मी विचारते, काय लिहिलंय, बघू का?

पप्पा म्हणतात, "आईनं बघितलंय."