काचेतला बुडबुडा

यंदाही दिवाळीला लातूरला जाणं जमलं नाही. पण इथे बंगळुरूत, हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्सचं वेड असलेली आम्ही चारसहा मराठी माणसं पाडव्याला बागेत फराळाला जमतो आणि सुट्टीपुरत्या एकमेकांच्या लेन्स घेतो.

मला कुलकर्णीकाकांची मिळाली. ते निवृत्त प्राध्यापक, मी आठवीत शाळा सोडलेला. कुणी शिक्षण विचारील, ही धास्ती मला कायमची. लेन्स उजेडात धरली, तर काचेच्या आत बुडबुडा! माझ्या हातून काही झालं की काय?

"काका, आत बुडबुडा दिसतोय."

"जन्मापासून आहे तो. फोटोत शोधून दाखव, चहा माझ्याकडून."

मी पानं टिपली, मुंग्या टिपल्या, काकांच्या मिशीत अडकलेला चिवडासुद्धा टिपला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करकरून पाहिलं. बुडबुडा कुठेच नाही. डोळ्यांना एवढा ठसठशीत दिसणारा दोष फोटोत जातो तरी कुठे?

"काका, माझी शाळा आठवीतच सुटली," मी एकदम बोलून गेलो.

काका फोटोत डोकं घालून बसले होते. "बरं. पण लेका, हा चिवडा एवढा स्पष्ट कशाला काढलास?"

आता सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी मी लेन्स उजेडात धरतो. बुडबुडा असतोच तिथे. उजेड त्यातूनही येतो.