चिमण्यांची जुडी

आमची मुलगी दीड वर्षाची होऊन तापानं गेली. एवढ्या लहान लेकराला पुरतात. त्याचा ना दहावा, ना पिंड. कावळ्यालाही घास द्यायचा नसतो. म्हणून बायकोनं स्वतःच एक रीत काढली. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की परसातल्या पडवीला ज्वारीच्या कणसांची जुडी टांगायची, आणि चिमण्यांनी दाणे टिपले की मगच स्वतः जेवायचं. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. रडूही आलं नाही. हातमागावर बसायचो, धोटा फेकायचो, उठायचो.

पुढं तिथं खार येऊ लागली. चिमण्या उतरायच्या आधीच ती दोरी कुरतडून जुडी खाली पाडायची, आणि खाली पडलेलं बायकोला चालत नसे. मग तो दिवस तिला उपास. तिच्या गालांची हाडं वर आली. ही अशानं जाईल, खारीला हटवलं पाहिजे, एवढं एकच मला समजत होतं.

मी खांबाला रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकला. खार छपरावरून आली. दोरीला एरंडेल चोपडलं. दोन दिवस घसरली, मग सरावली. शेवटी मागावरचं ताण्याचं सूत घेऊन आठपदरी पीळ दिला. विणकराच्या सुतापुढं खारीची काय टाप! तर त्या बयेनं कणसांकडं पाहिलंही नाही, आधी सूतच खाल्लं. मी पीळ वाढवला, तिनं त्याचाही फडशा पाडला. शेजारची म्हातारी कुंपणावरून हे बघत होती.

"आरं, ज्वारीच्या पिठाची खळ दिल्यालं सूत हाय त्ये," ती म्हणाली. "खारीला जेवायला वाढतूस व्हय?"

खळीत हात घालण्यात माझा जन्म गेला होता, तरी हे दुसऱ्यानं सांगावं लागलं. मी जुडी तारेला टांगली आणि वर पत्र्याची मोठी चकती ओवली. खार चकतीवरून घसरून दाणकन पडली, ती पुन्हा आली नाही. सकाळी चिमण्यांनी जुडी भरून गेली. बायकोनं दीड भाकरी खाल्ली आणि माझं ताट वाढलं. घास हातात धरून मी पडवीकडं बघत राहिलो. परसात आता करायचं काही उरलं नव्हतं.

"जेवा की," ती म्हणाली.

"पोरगी गेली गं आपली," मी म्हणालो आणि मला हुंदका फुटला.

तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.

"व्हय," ती म्हणाली. "चार म्हयनं झालं की."