थोरल्याचा शब्द आणि वादळाचा डोळा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भूगोलात बीए केलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बाबा मात्र म्हणायचे, "डोंगर कुठंय ते आम्हाला दिसतं की, त्याला डिग्री कशाला?"

रायगडच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, त्या दुपारी आम्ही कोपरखैरण्याच्या घरात होतो. सोसायटीच्या गच्चीवरचे पत्रे धडधडत होते, पण बाबांचा जीव फोनमध्ये. गावच्या कौलारू घरात काका-काकू अडकले होते. सकाळपासून डोंगराकडचा वारा घर झोडपत होता.

एकदाचा फोन लागला. काकांचा आवाज एकदम मोकळा.

"दादा, गेलं वादळ! ऊन पन पडलंय. कौलं बरीच उडालीत. शिडी लावू?"

गावच्या छपराला हात लावायचा तर थोरल्याला विचारून, ही आमच्याकडची रीत. बाबांचं आयुष्य तुर्भ्याच्या कारखान्यात गेलं, तरी ती मोडली नव्हती.

"लाव की. पाऊस यायच्या आत शाकारून घे."

मी मधे पडले. "बाबा, चढवू नका त्यांना! वादळ गेलं नाही. काका त्याच्या मधोमध आहेत."

"ऊन पडलंय म्हणतो ना तो!"

"मधे शांतच असतं. त्याला डोळा म्हणतात. सगळ्यात जोराचा वारा त्या डोळ्याच्या कडेनं फिरतो. डोळा पुढे सरकला की तोच वारा उलटा येणार, समुद्राकडून."

"आम्ही काय वादळं बघितली नाहीत?"

"बघितलीत. पण मी सांगून काका ऐकणार नाहीत. तुम्हीच सांगा."

"दादा, चढू ना?" फोनमधून पुन्हा आवाज आला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. थोरल्यानं दिलेला शब्द फिरवायचा, तोही पोरीच्या सांगण्यावरून.

"थांब," ते म्हणाले. "बायकोला घे आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात जा. आत्ताच्या आत्ता."

"का, दादा?"

"पोरगी सांगते म्हणून."

फोन कटला, तो पुन्हा लागेना. बाबांचा चहा तसाच गार झाला. धीर द्यायला मी म्हटलं, "तापलेल्या समुद्राच्या पाण्यावर पोसतं वादळ. जमिनीवर आलं की बळ ओसरतं."

"म्हणजे खायला मिळालं नाही की मरतं," बाबा म्हणाले. जरा वेळानं पुटपुटले, "वारा उलटा नाही आला, तर गाव हसेल मला."

"हसू दे."

गावचं नेटवर्क आलं तेव्हा काका आधी हसले. "दादा, समुद्राकडनंच आला! छप्पर गेलं, भिंत गेली. शिडी वरच्या आळीच्या फणसात लटकलीय."

"माणसं?" बाबांनी विचारलं.

"हायत. सगळी हायत." नाक ओढून काका म्हणाले, "आता शेजारची शिडी आणून बघतो माळ्यावर काय राहिलंय ते. चढू ना, दादा?"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला.

"हिला विचार," ते म्हणाले.