पर्समध्ये मावणारं पिस्तूल

फौजेत माझं सगळं आयुष्य हत्यारं दुरुस्त करण्यात गेलं. रायफल असो की पिस्तूल, जे बिघडेल ते माझ्या टेबलावर यायचं. सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून भरती झालो, देशभर फिरलो आणि शेवटचं पोस्टिंग दिल्ली कँटोन्मेंटला मिळालं. मुलं इथल्या शाळांत रुळली होती. निम्मी मराठी त्यांच्या तोंडून कधीच निघून गेली होती. त्यामुळे रिटायर झाल्यावर आम्ही गावी परतलोच नाही. फरीदाबादला बंदुकांच्या एका दुकानात मला नोकरी लागली आणि तिथेच दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

दुकानात येणारे बहुतेक जमिनीचे दलाल, ठेकेदार, फार्महाऊसवाले. पिस्तूल चालतं कसं यापेक्षा कमरेला दिसतं कसं, याचीच त्यांना काळजी. लग्नात हवेत गोळी उडवली की त्यांचं काम झालं. अशा माणसांना हत्यार विकताना मला कधी काही वाटलं नाही.

मग एका शनिवारी ती आली. पस्तिशीची असेल. साधा सलवार-कुर्ता, खांद्याला मोठी पर्स, हातात लायसन्सचं पुस्तक. मालकाशी हिंदीत बोलत होती तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो आई, जेवले. नाही गं, बाजारात आहे. ठेवते, जयभीम," असं म्हणून तिने फोन ठेवला.

"मॅडम, गाव कोणतं?" मी मराठीत विचारलं.

ती दचकली आणि मग मोकळी हसली. "यवतमाळ. तुम्ही?"

"सातारा."

"इथे या दुकानात मराठी माणूस भेटेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, काका." पहिल्या भेटीतच तिने मला काका केलं.

ती सरकारी अधिकारी होती. अरवलीच्या डोंगरात बेकायदा दगड उपसतात, त्याची तपासणी करून अहवाल लिहायचा हे तिचं काम. ऑफिस फरीदाबादला, घर मयूर विहारला, नवरा एका खासगी कंपनीत, मुलगी शाळेत. दोन डंपर तिने जप्त केले, तिथून सगळं सुरू झालं. आधी फोन आले. मग तपासणीच्या जीपची चाकं कोणीतरी फाडली. मग एक दिवस सोसायटीच्या गेटवर एक माणूस उभा राहिला आणि तिच्या मुलीची शाळेची बस किती वाजता येते ते वॉचमनला विचारून गेला.

"पोलिसांत गेला होतात?"

"गेले ना. बसवून घेतलं, चहा दिला. म्हणाले, मॅडम, सुरक्षा देणे के लिए हमारे पास आदमी कहाँ हैं, आप लाइसेंस ले लो." ती हे हसत सांगत होती, पण पर्सच्या पट्ट्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती.

लायसन्स मिळायला वर्ष उलटलं. आता तिला रोज जवळ बाळगता येईल असं छोटं आणि तिच्या पगारात बसेल असं पिस्तूल हवं होतं. मालकाने एका नव्या कारखान्याचं छोटं पिस्तूल काचेवर ठेवलं. "यही सबसे ज़्यादा जा रहा है मैडम. लेडीज़ के लिए एकदम बढ़िया."

दुकानाच्या मागे वाळूची पोती रचलेली एक लांबट खोली आहे. विकायचं हत्यार तिथे चालवून दाखवतो. मी तिच्या हातात पिस्तूल दिलं, पाय कसे ठेवायचे ते सांगितलं, आवाजासाठी कानांत घालायला बोळे दिले. पहिल्या मॅगझिनमधली सगळी काडतुसं सुरळीत गेली. नेमाच्या कागदावर तिच्या गोळ्या एकमेकींच्या जवळ लागल्या होत्या. दुसऱ्या मॅगझिनला मध्येच पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी वरच्या सरकत्या भागाच्या, स्लाइडच्या, चिमट्यात उभी राहिली होती.

"काय झालं? माझं चुकलं का?"

"तुमचं नाही चुकलं. पिस्तूल अडकलं."

मी तिला दाखवलं. मॅगझिनला खालून थाप मारायची, स्लाइड जोरात मागे ओढायची, सोडायची, पुन्हा नेम धरायचा. तिने करून पाहिलं. स्लाइड कडक होती, तिचा अंगठा सोलवटला. तरी तिने तीन-चार वेळा केलं.

"समोर माणूस उभा असला तर तो एवढा वेळ थांबेल का?"

मी तिच्या अंगठ्याला पट्टी लावली.

"काका, खरं सांगा. मी यावर भरवसा ठेवू का?"

हा प्रश्न मला फौजेत कोणी विचारला नव्हता. तिथे हत्यार जवानाच्या हातात जाण्याआधी इतकं चालवून बघितलेलं असायचं की भरवशाचा प्रश्न उरायचाच नाही. या पिस्तुलाचं तसं नव्हतं, ते मी तिला समजावलं. छोट्या पिस्तुलात सगळे भाग आखूड असतात, स्प्रिंग कडक असते, काडतूस आत सरकायला जागा कमी. त्यात स्वस्त बनवायचं म्हणून घासकाम घाईचं. शिवाय काडतुसांची एक पेटी दुसरीसारखी निघेलच असं नाही. काही पिस्तुलं चालवून चालवून मोकळी होतात, काही कधीच होत नाहीत. शे-दोनशे गोळ्या न अडकता गेल्या तर थोडाफार अंदाज येतो.

तिने लायसन्सचं पुस्तक उघडून पाहिलं. "मला वर्षाला काडतुसं मिळणार एवढीच. म्हणजे हे भरवशाचं आहे की नाही हे कळेपर्यंत माझ्याजवळ गोळीच उरणार नाही."

तिने हे कुठल्याही तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. अहवालात शेवटची ओळ लिहावी तसं म्हटलं.

मी तिला जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्वर दाखवलं. त्यात अडकण्यासारखं फारसं काही नसतं. पण ते जड, जाडजूड. पर्समध्ये टाकल्यावर पर्स एका बाजूला लोंबायला लागली. त्याचा घोडा ओढताना तिचं बोट अर्ध्यावर थकायचं. विलायती पिस्तूल आमच्याकडे एक होतं, पण त्याची किंमत ऐकून तिने ते हातातही घेतलं नाही. शेवटी तिने छोटंच घेतलं. "काहीच नसण्यापेक्षा बरं," असं ती म्हणाली, आणि मीही मान हलवली.

त्यानंतर महिन्यातून एखादा शनिवार ती यायची. मी तिचं पिस्तूल उघडून बसायचो. काडतूस आत चढतं तो उतार बारीक कागदाने घासून गुळगुळीत केला. मॅगझिनच्या तोंडाच्या वाकलेल्या कडा थोड्या सरळ केल्या. स्प्रिंग बदलली. कारखान्याला फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, "नया है सर, चलते-चलते सेट हो जाएगा." मी विचारलं की सेट व्हायला किती चालवायचं आणि तेवढी काडतुसं मॅडमना कोण देणार. त्याने मेल करायला सांगितलं.

ती आली की माझी बायको डब्यातून काहीतरी पाठवायची. एकदा शेंगदाण्याची चटणी होती. ती बोटाने चाटत म्हणाली, "माझ्या मुलीला पाटा-वरवंटा म्हणजे काय ते सांगत होते परवा. म्हणाली, मम्मा, यूट्यूब पे दिखा दो."

एका शनिवारी ती आली ती वैतागूनच. "काका, हे रोज जवळ ठेवायचं म्हणजे नेमकं कुठे ठेवायचं? मेट्रोत नेता येत नाही. ऑफिसच्या गेटवर जमा करा म्हणतात. कोर्टात चालत नाही, मुलीच्या शाळेत तर नाहीच नाही. मग माझ्याजवळ असणार कधी?"

"घरी. रस्त्यावर."

"रस्त्यावर म्हणजे स्वतःच्या गाडीत." तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. "मी दोनदा मेट्रो बदलून ऑफिसला येते. आता गाडीच काढावी लागेल. नाहीतर हे घेऊन काय उपयोग?"

मला ते बरोबर वाटलं. पिस्तूल घेतलंय तर जवळ असावं, एवढाच विचार होता. पुढच्या महिन्यापासून ती छोट्या गाडीने यायला लागली. शेजारच्या सीटवर पर्स, पर्सची चेन थोडी उघडी. दहापैकी नऊ वेळा आता पिस्तूल नीट चालत होतं. दहाव्या वेळी काय होईल हे ना मला सांगता येत होतं ना कोणाला. एकदा मालकासमोरच मी म्हणालो, "ताई, हे मी तुम्हाला द्यायला नको होतं." मालकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मग काय द्यायला हवं होतं, काका?" दुकानभर बंदुका टांगलेल्या होत्या आणि मला एकही नाव सुचलं नाही.

त्यानंतर दोन महिने ती आली नाही. मला वाटलं, बदली झाली असेल. बदली व्हावी म्हणून तिने अर्ज केला होता, आणि बदली होऊ नये म्हणूनही तिच्यातलं काहीतरी अडून बसलं होतं. अहवाल अर्धा राहील म्हणायची.

एक दिवस दुपारी एक माणूस दुकानात आला. चष्मा, वाढलेली दाढी, हातात पोलिसांनी सील केलेली प्लास्टिकची पिशवी. त्याने हिंदीत सुरुवात केली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हीच ना ते काका?"

तो तिचा नवरा होता. ती गेली होती. ऑफिसमधून घरी जाताना, लख्ख उन्हात, बायपासच्या वळणावर गाडी थांबली असताना मागून डंपर आला. ड्रायव्हर पळून गेला. नंबरप्लेटला चिखल फासलेला होता. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. लायसन्सवाला मेला की त्याचं हत्यार ठाण्यात किंवा दुकानात जमा करावं लागतं, म्हणून तो पिशवी घेऊन आला होता.

मी त्याला बसवलं. पाणी दिलं. मालक आतल्या खोलीत निघून गेला.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "तिने हे काढलं होतं का? चालवायचा प्रयत्न केला होता का? पोलीस काही सांगत नाहीत. म्हणतात पर्समध्ये सापडलं."

मी सील तोडलं. पिस्तुलावर एक ओरखडाही नव्हता. गाडीचा पत्रा मुडपला होता, तिचं सगळं संपलं होतं, आणि हे जसंच्या तसं. सेफ्टी लावलेली, मॅगझिन भरलेलं, नळी स्वच्छ. आदल्या खेपेला मी लावलेलं तेल अजून होतं.

"नाही," मी म्हणालो. "तिला वेळच मिळाला नाही."

त्याने मान हलवली. "काढलं असतं तरी डंपरवर काय करणार होती."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"मेट्रोने जायची हो ती," तो हळूच म्हणाला. कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. नुसतं आठवलं म्हणून. मला मात्र खाली बघावं लागलं.

पुढे मी दोन-तीनदा त्याच्याबरोबर कोर्टात गेलो. त्याला सोबतीला आपल्या भाषेचं कोणी हवं होतं, आणि मला नाही म्हणवलं नाही. ड्रायव्हर सापडला. ब्रेक लागला नाही म्हणाला. त्याला पहिल्याच तारखेला जामीन मिळाला. बाहेर चहाच्या टपरीवर तो वकिलाबरोबर समोसा खात होता. एक विशीतला, घाबरलेला पोरगा. तिचा नवरा त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि मग मला म्हणाला, "याला तर माहीतही नसेल तिचं नाव." तिच्या अर्धवट अहवालाचं काय झालं ते त्याने ऑफिसात विचारलं. नवीन साहेब आलेत, ते बघतील, असं उत्तर मिळालं. नवीन साहेबांनी काय बघितलं ते कोणी सांगितलं नाही.

शाळेचं वर्ष संपल्यावर तो मुलीला घेऊन नागपूरला बहिणीकडे गेला. जायच्या आधी फोन केला. "पिस्तुलाचं काय करायचं ते तुम्हीच बघा," म्हणाला. मालकाने कागदपत्रं पुरी केली आणि ते एका प्रॉपर्टी डीलरला विकलं. त्याने चालवूनही पाहिलं नाही. कमरेला खोचून आरशात बघितलं आणि खूश होऊन गेला.

बायको म्हणते, ही नोकरी सोडा. सोडून काय करू? मुलगा इथेच नोकरीला आहे, गावाकडे घराचं छप्पर राहिलेलं नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. अजून बायका येतात. एक डॉक्टर आल्या, एक शाळेतल्या बाई आल्या. नवऱ्याने, शेजाऱ्याने, कोणीतरी धमकी दिलेली असते. पोलिसांनी चहा पाजलेला असतो. त्यांना मी अडकलेलं पिस्तूल मोकळं करायला शिकवतो. स्लाइड ओढताना त्यांचे अंगठे सोलवटतात, मी पट्टी देतो.

मागच्या महिन्यात सकाळी शेअर ऑटोने मी बायपासच्या त्या वळणावर गेलो होतो. का गेलो ते सांगता येणार नाही. रस्त्यावर तिथे काही खूण नाही. दुभाजकाचा मोडलेला कठडा तेवढा नवा बसवलाय. दगडांनी भरलेले डंपर एकामागून एक जात होते, वरून ताडपत्री, खाली पाणी ठिबकत. प्रत्येक डंपर गेला की पायाखालची जमीन हलायची. मी धुळीत तोंडावर रुमाल धरून उभा होतो. परतीच्या ऑटोत जागा नव्हती. दुसऱ्या ऑटोला बराच वेळ लागला, आणि तोपर्यंत डंपर जातच होते.