टाकीच्या झाकणावरचं कुंकू

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली आमच्या घरी रिक्षा आली. जुनीच होती, पण आमची होती. घरात कुणी नसलं की मी बाहेर येऊन तिच्यासमोर नुसती उभी राहायचे, देवळात राहावं तशी. आमचे हे सांगायचे, आत पेट्रोलचा थेंब जातो, ठिणगी पडते आणि चाक फिरतं. मी मान डोलवायचे. पण एवढ्याशा थेंबाच्या जोरावर तीन-चार माणसं सोलापूरभर फिरतात, हे मला कधी पुरतं खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दसऱ्याला सकाळी रिक्षा धुतली, झेंडूचा हार घातला. सासूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "लेका, हिचं त्वांड कुटं हाय?"

"दिवे हायेत की म्होरं."

"ते डोळं झालं. खाती कुटनं?"

ह्यांनी हसत सीट उचललं आणि टाकीचं झाकण दाखवलं. सासूबाईंनी त्यावर ओल्या हळदीचा जाड लेप दिला, कुंकू लावलं, वर अक्षता दाबल्या. जात्यालाही त्या असंच करायच्या, घास घालतो त्या तोंडापाशी. जे आपलं पोट भरतं त्याच्या तोंडाला पहिला मान, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी आम्ही तिघं मोडनिंबला निघालो. तिथं सासूबाईंचे थोरले भाऊ दम्यानं अंथरुणाला खिळले होते. दर दसऱ्याला बहिणीनं आपट्याची पानं, म्हणजे सोनं, हातावर ठेवल्याशिवाय ते जेवत नसत. पुढचा दसरा ते बघतील का, हे कुणी बोलत नव्हतं. मी एसटीनं जाऊ म्हटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "लेकाची गाडी असताना? लोक काय म्हणतील!"

मोहोळ मागं पडलं आणि रिक्षा दोन आचके देऊन गप्प झाली.

ह्यांनी सुरू करायचा दांडा ओढला, परत ओढला. नुसती खोकली. ठिणगी पाडणारा प्लग काढून पुसला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि मला म्हणाले, "तू दांडा वड."

भर रस्त्यात, डोक्यावरचा पदर दातात धरून मी दांडा ओढला. चट्‌कन निळी ठिणगी उडाली. आभाळातली वीज एवढीशी होऊन ह्यांच्या चिमटीपाशी आली होती. मी तशीच बघत राहिले.

"ठिणगी तर हाय," हे म्हणाले. "मग खोट कुटं हाय?"

एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. तो ओरडला, "काय पावनं, म्हातारीला मेंढरावर बसवा की, आदी पोचंल!"

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "तुज्या मेंढराला आदी हार घाल, मग बसती!"

प्लग परत बसवला तर रिक्षा एका ओढीत सुरू झाली. सासूबाईंनी खंडोबाला हात जोडले. थोडं पुढं गेलो आणि पुन्हा तेच, दोन आचके आणि गप्प. एसटीला हात केला, ती भरलेली होती, थांबली नाही. ऊन उतरायला लागलं होतं. सासूबाई पिशवीतली पानं चाचपून म्हणाल्या, "दादा अजून उपाशी असंल."

मग ह्यांनी पेट्रोलची नळी सोडवली. मी खाली तांब्या धरला. आधी धार आली, मग थेंब, मग तेही थांबले. "टाकी तर भरल्याली हाय," असं म्हणत ह्यांनी बघायला झाकण सैल केलं आणि आतून 'हुस्स' असा आवाज आला. बुडालेल्या माणसानं डोकं वर काढून श्वास घ्यावा तसा. लगेच तांब्यात धार लागली. झाकण घट्ट केलं, धार आटली. काढलं, पुन्हा लागली.

"झाकण ऱ्हाऊ दे. तळहात ठेव त्वांडावर," हे म्हणाले. मी ठेवला. जरा वेळानं टाकीनं माझा हात आत ओढला, तान्ह्या बाळानं बोट चोखावं तसा. गोड्या तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. ते मी नेहमी बघत होते. पण लोखंडाच्या पोटालाही वारा लागतो, हे माझ्या तळहाताला त्या दिवशी कळलं.

झाकणाला वाऱ्यासाठी सुईएवढं भोक होतं. ते हळदीखाली गडप झालं होतं, आणि त्यात तुटक्या अक्षतेची कणी अडकली होती.

ह्यांनी फडकं काढलं तशा सासूबाई ओरडल्या, "पुसू नगंस! दसऱ्याचं कुंकू हाय ते!"

"आये, गाडीचा जीव कोंडतोय तेनं."

त्या खाली उतरल्या, म्हणाल्या, "दादाचाबी असाच कोंडतो." माझ्या बांगडीतली पिन मागून घेतली, कणी टोकरून काढली, वाळलेली हळद आणि कुंकू नखानं खरवडून तळहातावर घेतलं. थुंकी न लावता, तांब्यातलं पेट्रोलही न घेता, पिण्याच्या पाण्याचा थेंब टाकून ते कालवलं. थोडं माझ्या कपाळाला लावलं, उरलेलं स्वतःच्या.

"पुसलं न्हाय," त्या म्हणाल्या. "जागा बदलली."

झाकण ओठांपाशी धरून त्यांनी भोकातून फुंकर मारली. पलीकडं धरलेल्या माझ्या बोटाला बारीकसा वारा लागला.

त्यानंतर रिक्षा कुठंच थांबली नाही. पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मामा उशीला टेकून बसले होते, समोर ताट झाकून ठेवलेलं. सासूबाईंनी त्यांच्या हातावर पानं ठेवली.

"उशीर... क्येलास," ते धापा टाकत म्हणाले.

"गाडीला दम लागला हुता, दादा."

"मग?"

"मोकळा क्येला."

मामा हसले, हसता हसता खोकले. सासूबाई त्यांची पाठ चोळत बसल्या. मग त्यांनी ताटावरचं झाकण काढलं. मामांनी एक घास घेतला, थांबले, श्वास घेतला, मग दुसरा घास घेतला.